टोपी वाऱ्यानं उडाली नव्हती

मंदाची आई,

दहाव्याला धरणाच्या काठी पिंड ठेवला आणि मी चार पावलं मागं सरतोय तोवर कावळा येऊन शिवूनसुद्धा गेला. लोक म्हणाले, बाई समाधानानं गेली, तिचं काही मागं राहिलं नाही. मी मात्र तिथंच चरफडलो. दहा दिवस मी मनात जुळवाजुळव करून ठेवली होती. कावळा अडून बसला की हात जोडून पुढं व्हायचं आणि सगळ्या भावकीदेखत तुला ते टोपीचं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. तू मला तोंड उघडू दिलं नाहीस. जिवंतपणी तरी कधी उघडू दिलं होतंस म्हणा.

म्हणून आता लिहितोय. मंदाची कॉलेजातली अर्धी कोरी वही माळ्यावर सापडली, तिच्यात. तू चौथी पास, मी तिसरीतनं शाळा सोडलेली, आणि त्या एका इयत्तेचा तोरा तू चाळीस वर्षं मिरवलास. आता माझं अक्षर बघून हसशील, तर हस. तू कशानं गेलीस, कोण कोण आलं, किती माणूस जमलं, त्यातलं काही मी लिहीत नाही. ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

गोष्ट एवढीच. मंदाच्या परेडच्या दिवशी माझी टोपी वाऱ्यानं उडाली असं मी तुला सांगितलं होतं. ती उडाली नव्हती. मी काढली होती.

का काढली ते सांगायचं तर मला मागं कांद्याच्या लागणीपर्यंत जावं लागेल. तुला घाई असली तरी ऐकून घे. आता तुला कुठं भाकरी टाकायची आहे.

मंदानं विमानदलाचा फॉर्म भरला तेव्हा आपलं काय भांडण झालं. येडगावातनं आजवर एकही पोरगी पुण्याच्या पुढं नोकरीला गेली नव्हती, आणि ही निघाली ऑफिसर व्हायला. मी म्हणालो, "पोरीच्या जातीला इमान कशाला?" तू पीठ मळता मळता म्हणालीस, "मग काय बैलगाडी देताय का तिला? ती तरी कुठं दिली." मंदा सांगत होती, आबा, विमान चालवायचं नाही, जमिनीवर बसून विमानांना रस्ता सांगायचा. मी म्हणालो, रस्ता सांगायला घरातच म्हातारा-म्हातारी आहेत. तुम्ही दोघी हसलात. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो. मला खरंच राग आला होता. एकुलती एक पोर, आणि माझ्या मनात नारायणगावचं स्थळ पक्कं होतं. द्राक्षबागवाली माणसं. तुला ती आवडायची नाहीत, कारण पोराची आई बोलताना सारखी बागेकडं बोट दाखवायची.

पोर गेली. सहा महिन्यांनी डिसेंबरात सुट्टीला आली तर केस मानेवर कापलेले, गालफडं बसलेली, आणि तोंडाला कुलूप. पहिले दोन दिवस तिनं काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं तुझ्या मांडीवर डोकं टेकून बोलली. मी गोठ्यात होतो, मधे नुसता कुडाचा आडोसा. सगळं ऐकू आलं.

ती एका विषयात नापास झाली होती. धावण्यात नाही, बंदुकीत नाही, गणितात तर नाहीच. नव्या कॅडेटला फौजेची जी साधी माहिती पाठ पाहिजे, त्यात. कोणाचा हुद्दा काय, खांद्यावर किती पट्ट्या, सलाम कोणाला आणि कधी, वेळ चोवीस तासांत कशी सांगायची, दिशा कशी सांगायची, वारा कुठला. निळ्या पुठ्ठ्याचं एक पातळ पुस्तक होतं, त्यातलं सारं. "आई, मला बसून इचार, समदं येतं गं," ती म्हणाली. "पण तितं उभं करतात, सावधान. आन् समोरचा वराडतो. त्यो वराडला का माजं डोकं कोरं व्हतं." जानेवारीत परत गेल्यावर पुन्हा तोंडी परीक्षा होती. त्यात नापास झाली तर सहा महिने मागं टाकणार, आणि ती म्हणाली, मागं पडले तर मी घरीच येते, मला ती लाज सोसायची नाही.

तू म्हणालीस, "बरं. आदी च्या पी."

आणि मी गोठ्यात उभ्या उभ्या खूश झालो. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. गाईच्या पाठीवर हात फिरवत हसलो. तुला बाजारला जातो म्हणून सांगितलं आणि नारायणगावला जाऊन पाहुण्यांना म्हणालो, संक्रांत झाली की या, पोरगी घरीच असेल.

दुसऱ्या दिवशी आपल्या कांद्याच्या लागणीची सावड होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, असं करत वाडीतल्या नऊ-दहा बायका जमायच्या, ती सावड. मंदाला घरात पुस्तक घेऊन बसव असं मी म्हणालो असतो, पण तू तिच्या हातात रोपांची जुडी दिलीस आणि पुस्तक स्वतःच्या कमरेला खोचलंस. लोकांनी जात्यावर ओव्या म्हटल्या, तू वाफ्यात हुद्दे म्हटलेस. एका सरीला एक हुद्दा. त्या सरीतलं शेवटचं रोप दाबेपर्यंत तोच घोकायचा, दुसऱ्या सरीला लागलं की वरचा. पायलट ऑफिसर, फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट. मंदा सांगायची आणि मागनं सगळ्या बायका म्हणायच्या. वाफा संपला की माणूस एअर मार्शल होऊनच बांधावर चढायचं.

पट्ट्या तिच्या ध्यानात राहीनात, तर तू लुगड्याच्या काठांची खूण काढलीस. "अगं, सोपं हाय. एक जाड काठ, फ्लाइंग ऑफिसर. दोन जाड, लेफ्टनंट. दोन जाड काठात एक बारीक, ते माज्या आयचं निरगुडसरचं लुगडं, म्हंजी स्क्वॉड्रन लीडर." मंदा पोट धरून हसली. आल्यापासनं न हसलेली पोर. भावकीतल्या ठकूवहिनी शेजारच्या सरीतनं म्हणाल्या, "आन् चार जाड काठ?" मंदा म्हणाली, ग्रुप कॅप्टन. "मग त्यो मीच," ठकूवहिनी म्हणाल्या, "माज्या हाताखाली चार सुना हायती. फकस्त सलाम कुनी करत न्हाई."

दिशेचं तर तुला फारच आवडलं. आपण तोंड करून उभे ते बारा, उजव्या हाताला तीन, पाठीमागं सहा, डावीकडं नऊ. दुपारपर्यंत सगळी सावड त्याच भाषेत बोलायला लागली. मी बांधावरनं येताना दिसलो की कोणीतरी खाली मान घालून म्हणायचं, "आठ वाजता मालक," आणि खसखस पिकायची. मला कळायचं नाही, मी पाण्याची घागर ठेवून जायचो. पुढं कळलं तेव्हा मी चिडलो, आणि तू म्हणालीस, आता चिडून काय, तुम्ही सहा वाजता गेलासुद्धा.

वाऱ्याचं मात्र मी सांगितलं होतं, हे कबूल कर. पुस्तकात लिहिलं होतं, वारा जिकडनं येतो ते त्याचं नाव, आणि विमान उडतं ते वाऱ्याच्या तोंडावर. मंदा गोंधळायची. मी न राहवून म्हणालो, खळ्यावर वाऱ्याला पाठ देऊन उपणलं तर भुसा कुठं जातो, ते आठव. ती लगेच समजली. आणि तू माझ्याकडं असं बघितलंस की मला वाटलं, आपण उगाच बोललो. तिला नापास व्हायला पाहिजे होतं ना माझ्या हिशेबानं.

पाच दिवसांत तिला सगळं पुस्तक पाठ झालं. पण तू हुशार. तुला कळलं की हे पाठ होणं खरं नाही. वाफ्यात बसून, हसत, आईपुढं, तिला आधीही बहुतेक येतच होतं. तू सकाळी चहाचा कप माझ्यापुढं ठेवलास आणि म्हणालीस, "तुमचा आवाज धरणापलीकडं जातो. मागं त्या होडीवाल्याला ह्या काठावरनं शिव्या दिल्या तर त्यानं तिकडनं उत्तर दिलं व्हतं. आजपास्नं मंदीला तुमी इचारायचं. आन् वराडून इचारायचं."

मी म्हणालो, मला ते इंग्रजीतले प्रश्न वाचता कुठं येतात. तू म्हणालीस, मला ऐकून ऐकून पाठ झालेत, मी सांगते, तुम्ही पाठ करा. मी चटकन हो म्हणालो. इतक्या चटकन मी आयुष्यात तुझं काही ऐकलं नव्हतं. तू एकदा माझ्याकडं नीट बघितलंस, कप उचललास आणि गेलीस.

आता ऐक. मी हो म्हणालो ते तुझ्यासाठी नाही, पोरीसाठी नाही. मला वाटलं, मी असा ओरडेन की पोर तिथंच मोडेल. आणि ती इथंच मोडली तर बरं, तिकडं परक्यांपुढं मोडण्यापेक्षा. मनाला मी अशी समजूत घालत होतो. खरं कारण नारायणगाव होतं.

मी बांधावर उभा राहिलो. ती खाली वाफ्यात, पाय चिखलात, हातात रोपांची जुडी, सावधान. मी ओरडलो, "खांद्यावर तीन पट्ट्या. कोन?" धरणावरचे बगळे उडाले. बायका सरीत थिजल्या. मंदाचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी आणखी ओरडलो, "वाचा बसली का? येत न्हाई तर घरी बस. भाकऱ्या थाप." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ठकूवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जरा दमानं." तू म्हणालीस, "वहिनी, तुमी सरी धरा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं दोन उत्तरं दिली आणि तिसऱ्याला अडली, आणि मी तिला असं बोललो की ते मी लिहीत नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. तू तिला नाचणीची पेज दिलीस आणि माझ्या ताटात नेहमीसारखी भाजी वाढलीस. तू बोलशील म्हणून मी घास हातात धरून वाट बघत होतो.

मग कुठल्यातरी एका सकाळी, सातवी का आठवी, मला नीट आठवत नाही, मी बांधावरनं गरजलो आणि खालून उत्तर आलं. तितक्याच आवाजात. "विंग कमांडर, सर." मला सर म्हणाली. मी पुढचा प्रश्न टाकला, उत्तर आलं. मी मधेच खोटं सांगून बघितलं, चूक, चूक, असं ओरडलो. ती म्हणाली, "बरोबर हाय, सर. पुस्तकात बघा, सर." मला इंग्रजी वाचता येत नाही हे ठाऊक असून. बायकांनी पदर तोंडाला लावले.

शेवटी मी ओरडलो, "डोक्यावर टोपी न्हाई. समोरनं साहेब आला. सलाम कसा करशील?"

"करनार न्हाई, सर. बोडक्यानं सलाम करत न्हाईत, सर. सावधान उभी ऱ्हाईन, सर."

मी त्या वेळी टोपी काढून घाम पुसत होतो. ती चिखलातनं माझ्याकडं बघून हसत होती. तू कमरेला हात लावून म्हणालीस, "ऐकलं का, उस्ताद? बोडक्याला सलाम न्हाई." मग तू आम्हा दोघांना वाफ्यातच सलाम करायला लावलास. पंजा समोर, बोटं जुळलेली, हात वर न्यायचा तो लांबून आणि खाली आणायचा तो जवळून. माझा कोपर खाली पडायचा. तू मागनं येऊन तो वर ढकलायचीस. लग्नानंतर रानात, चारचौघींत, तू माझा हात धरलास तो तेवढाच.

ती गेली आणि जानेवारीत पत्र आलं. पास.

तू ओझरच्या गणपतीला पेढे घेऊन गेलीस आणि येताना वाटेवरच्या प्रत्येक घरात थांबलीस. "ह्यांच्या आवाजानं पास झाली," असं सांगत आलीस. मी पारावर बसलो की लोक म्हणायचे, या उस्ताद. सोसायटीचा चेअरमन म्हणाला, आबा, बाप असावा तर असा. मी मान हलवायचो. काय करणार. मी पोरीला पाडायला ओरडलो होतो आणि गाव मला पोरीला उभं केलं म्हणून चहा पाजत होता.

संक्रांतीनंतर नारायणगावचे पाहुणे आलेच. मी घामाघूम. तू त्यांना बसायला घोंगडी टाकलीस, तिळगूळ दिलास, चहा दिलास, आणि मग मंदाचं पत्र आणून पोराच्या बापाच्या हातात दिलंस. "वाचा की राव, आमाला दोघान्ला नीट वाचता येत न्हाई." त्यानं सगळं पत्र मोठ्यानं वाचलं, बिचाऱ्यानं. ते गेल्यावर तू विचारलंस, हे कसं काय आले होते? मी म्हणालो, ओझरला आले असतील, वाकडी वाट केली. तू म्हणालीस, असंल.

परेडचं बोलावणं आलं तेव्हा जुन्नरच्या रशीदभाईंनी मला नवा सदरा, धोतराऐवजी पायजमा आणि नवी टोपी शिवली. रशीदभाई म्हणजे आपल्या लग्नापासून आपलं सगळं शिवणारे. "ऑफिसरचा बाप हाय राव, टोपीला टोक आलं पायजे," म्हणून दोन वेळा इस्त्री फिरवली. तू निरगुडसरचं लुगडं नेसलीस, दोन जाड काठात एक बारीक. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं निघाला? तू म्हणालीस, मी स्क्वॉड्रन लीडर हाय. ती बाई पुढं सोलापूर येईपर्यंत बोलली नाही.

ते मैदान मला अजून दिसतं. एवढी माणसं आणि एकाच पावलाचा आवाज. तू मला कोपर मारून सांगत होतीस, तो बघा ग्रुप कॅप्टन, त्या तिकडच्याची पट्टी रुंद, तो एअर कमोडोर, आता बघा तो सलाम घेतो. पुढच्या रांगेतला एक सुटाबुटातला माणूस मागं वळून तुला म्हणाला, ताई, तुमचे मिस्टर फौजेत होते का? तू म्हणालीस, न्हाई, ते कांद्यात हायेत.

परेड झाली. आई-बापांना पुढं बोलावलं. पोरीच्या खांद्यावरच्या पट्टीवरचं झाकण काढायचं, एका खांद्याचं आईनं, एका खांद्याचं बापानं. तू झटक्यात काढलंस. माझी बोटं जाड, मला ते निघेना. मी तिच्या खांद्याशी वाकून झटत होतो. तेव्हा ती समोर बघत, ओठ न हलवता, हळूच म्हणाली, "आबा, तुमी वराडला म्हनून."

बस. एवढंच म्हणाली.

झाकण निघालं. मी मागं सरलो. आणि मला पुढचं काही दिसेना. मी टोपी काढली आणि तोंडावर धरली. मंदाची आई, लोकांना वाटलं असेल म्हाताऱ्याला आनंद झाला. आनंद होताच. पण मला लाज वाटत होती, आणि ती मला कोणाला दाखवायची नव्हती, तुला तर नाहीच. मी नाक पुसलं, टोपी चुरगळून खिशात कोंबली आणि वर बघतो तर मंदा सलाम ठोकून उभी. मी काय करणार. मी हात वर नेला. लांबून. कोपर बरोबर. आणि डोकं बोडकं.

तुझं लक्ष गेलं नसतं तर ती तू नव्हेस. "अवो, टोपी कुटंय?"

"उडाली."

"कशानं?"

"वाऱ्यानं. आत्ता इमानं गेली न्हवं का डोक्यावरनं."

मग बसायच्या बाकांच्या जिन्याखाली जाऊन मी टोपी खिशातनं काढली आणि सापडली म्हणून आणली. तू ती उलटी-सुलटी करून बघितलीस. म्हणालीस, "रशीदभाईंनी ढगळ शिवली."

तिथून दहा वर्षं. दहा वर्षं तू त्या भल्या माणसाला बोल लावलास. जुन्नरच्या बाजारला गेलो की पहिलं त्यांच्या दुकानात. "रशीदभाई, तुमच्या ढगळ टोपीनं ह्यांनी बोडक्यानं सलाम केला. ऑफिसरच्या बापानं. एवढ्या साहेबलोकांत." रशीदभाई कात्री खाली ठेवून म्हणायचे, "वैनी, माफी. हात चुकला." आणि मी शेजारी उभा राहून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचो. वर तू घरी आल्यावर माझ्या सगळ्या टोप्या आतनं पट्टी घालून आवळून शिवल्यास. जी नवी येईल ती आधी तुझ्या सुईखालनं जायची. घट्ट. कपाळाला वळ पडायचा. संध्याकाळी टोपी काढली की तू वळावर तेल चोळायचीस आणि म्हणायचीस, "घट्ट व्हती का जरा?" मी म्हणायचो, "न्हाई, बरी हाय." ढगळ नव्हती असं म्हटलं तर मग उडाली कशी?

मधे विमानदलानं सलामच बदलला. आधी पंजा पुरता समोर दिसायचा, आता थोडा खाली तिरका. मंदानं फोनवर सांगितलं आणि तू त्याच दिवसापासून तसा करायला लागलीस. मी म्हणालो, मी नाही बदलणार, मला ज्यानं शिकवला त्यानं तसा शिकवला. तू म्हणालीस, ज्यानं शिकवला तीच सांगती ना बदला म्हणून. दर सव्वीस जानेवारीला टीव्हीपुढं आपलं हे भांडण. तू तिरका, मी सरळ. ठकूवहिनी मधे बसून म्हणायच्या, मला कुनी कसाबी करा. ते भांडण मिटलं नाही. गेल्या जानेवारीत तू म्हणाली होतीस, पुढच्या वर्षी बघते तुमच्याकडं.

तेरावं झालं आणि काल मी जुन्नरला गेलो. कावळ्यानं सांगू दिलं नाही, तर निदान त्या माणसाच्या डोक्यावरचा आळ तरी काढावा. रशीदभाईंनी मला स्टुलावर बसवलं. त्यांचीही दाढी आता पांढरी. मी म्हणालो, "रशीदभाई, टोपी ढगळ न्हवती. मी काढली व्हती. रडू आलं म्हनून. दहा वर्षं तुमी उगा बोलणी खाल्ली."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, चिडले. तर माणूस हसत होता, खांदे हलवून.

"आबा, वैनींनी मला पयल्याच खेपंला सांगितलं व्हतं. तुमी बाहेर पिशवी धरून उभे व्हता तवा. म्हनल्या, भाऊ, तुमी मनाला लावून घिऊ नका. टोपी ह्यांनीच काढली, मी बघितली खिशात कोंबताना. पर मी तुमाला बोलत ऱ्हानार. कवातरी ह्यांन्ला लाज वाटंल आन् खरं बोलतील."

मी म्हणालो, "दहा वर्षं?"

"मी बी इचारलं. म्हनल्या, कपाळ दुखलं का बोलतील. दर साली पट्टी जरा वाढवत व्हत्या."

मला हसू आवरेना. पण पोटात अजून ते दुसरं होतं, आणि एकदा झाकण निघालं होतं. मी ते बांधावरच्या ओरडण्याचं सांगितलं. पोरीला पाडायला ओरडलो, हे. नारायणगावचंही सांगितलं. रशीदभाईंनी ऐकून घेतलं आणि सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "त्ये बी सांगितलं व्हतं त्यांनी. म्हनल्या, तितले साहेब काय मायेनं वराडनार न्हाईत, मायेच्या वराडन्यावर पोरगी तयार व्हनार न्हाई. घरात तवा खराखुरा राग एकट्या ह्यांच्याकडंच व्हता. म्हनून लावला कामाला."

स्टुलावर बसल्या बसल्या मी एकेक जुळवत गेलो. म्हणजे तो चहाचा कप. ते एकदा नीट बघणं. "वहिनी, तुमी सरी धरा." आणि पाहुण्यांच्या हातात दिलेलं पत्र. तुला गोठ्यातला माझा हसण्याचा आवाजही आला असणार, मधे नुसता कुड होता. माझा राग तू दाव्याला बांधून रानात वापरलास, आणि वर गावभर माझं नाव केलंस. आणि मी आपला शहाणा समजून दहा वर्षं कॅलेंडर बघत होतो.

रशीदभाई म्हणाले, आणा टोपी, टाके उसवून देतो, आता कशाला त्रास. मी म्हणालो, हात लावू नका.

आज सकाळी मंदा निघाली. पुण्याहून गाडी आली होती. आत जाऊन ती वर्दी घालून बाहेर आली, डोक्यावर टोपी, खांद्यावर दोन जाड काठात एक बारीक. तुझा फोटो ओसरीवर आहे, मोगऱ्याच्या कुंडीजवळ, तुला वारा लागावा म्हणून. ती त्याच्यापुढं सावधान उभी राहिली आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. माझं डोकं भादरलेलं, उघडं.

"आबा," ती म्हणाली. तेवढंच.

मी आत जाऊन खुंटीवरची टोपी घेतली. डोक्यावर एक केस नाही, तरी ती घट्टच बसली. तुझी पट्टी. बाहेर येऊन पोरीच्या शेजारी उभा राहिलो. हात वर नेला लांबून, कोपर माझा मीच वर धरला, आणि पंजा, बघ, थोडा खाली तिरका केला. तू जिंकलीस. त्या भांडणाचं पुढच्या वर्षावर काही ठेवत नाही.

धरणाकडनं आज खरंच वारं सुटलं होतं. फोटोचा हार हलत होता, मंदाच्या गाडीचं दार आपटत होतं, ओसरीवरच्या पत्रावळ्या अंगणभर झाल्या. टोपी जागची हलली नाही.